फुरशाचं नाव घेणारी

माझ्या थोरल्या जावेला गाव ‘फुरसं’ म्हणतं. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, तिची पाठ वळली की म्हणतात. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारच्या एका बाईनं भाकरी थापता थापता मला सावध केलं होतं, "जावेच्या नादी लागू नको गं अमृता, फुरसं हाय ते. दिसायला एवढंसं, पण..." पुढचं तिनं पिठाच्या हातानं दाखवलं. मला वाटलं, जाऊबाई भांडकुदळ असतील. तशी ती आहेच. पण नावामागची गोष्ट वेगळी होती आणि ती मला घरातल्या कुणी सांगितली नाही. जिला नाव पडलं तिनंच सांगितली, तीसुद्धा भांडी घासताना. रत्नमाला तिचं नाव. मी तिला अक्का म्हणते.

आमचं गाव चितेगावच्या पुढं, पैठण रोड सोडून आत. माळ सगळा खडकाळ. इथं पिकापेक्षा दगड बरा उगवतो असं माझा नवरा अभय म्हणतो. आम्ही दोघं शहरात, गारखेड्यात राहतो. गावातल्या घरी अक्का आणि आमच्या सासूबाई. सासूबाईंचं नाव सरूबाई, आम्ही दोघी सुना त्यांना आत्याबाई म्हणतो. अक्काची मुलगी तनुजा आमच्याकडे राहून कॉलेज करते आणि अक्का चितेगावच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते.

तर आमच्या गावात सापाचं नाव घेत नाहीत. लांबडं म्हणतात, जनावर म्हणतात, आणि चावला तर ‘पान लागलं’ म्हणतात. नाव घेतलं की तो घरात येतो आणि चावल्यावर घेतलं तर विष चढतं, ही समजूत दगडावरची रेघ. पान लागलेल्या माणसाला उचलून मारुतीच्या पारावर न्यायचं. पाराला लागून लिंबाचं झाड आहे. त्याचा पाला माणसाला चावायला द्यायचा आणि विचारायचं, कसं लागतंय? मचूळ लागलं, गोड लागलं, तर विष भिनलं. कडू लागलं तर विष नाही, नारळ फोडा आणि घरी जा. हे विचारायचा मान आमच्या चुलत सासऱ्यांचा, साहेबराव आबांचा. आबा माणूस वाईट नाही. कुणाकडून सुपारीचं खांड घेत नाहीत. चावणारे बहुतेक साप बिनविषारीच असतात, त्यामुळे त्यांच्या हातून उठून घरी गेलेली माणसं गावात पुष्कळ आहेत आणि आबांचा आपल्या पाल्यावर खरोखर विश्वास आहे.

नाग चावला तर जीभ जड होते, पापण्या मिटायला लागतात, चव जाते. ही परीक्षा कुणीतरी कधीतरी नागावरून काढली असावी. फुरशाचं तसं नाही. त्याचं विष जिभेच्या वाटेला जात नाही, रक्ताच्या मागं लागतं. माणूस बोलतो, चालतो, जेवतो, आणि आत त्याचं रक्त गोठायचं विसरून जातं. त्याला लिंब कडूच लागतो. मरेपर्यंत कडू लागतो.

रामकिसन, म्हणजे अक्काचा नवरा आणि अभयचा मोठा भाऊ, बांधावरचे ढासळलेले दगड रचत होता तेव्हा त्याच्या बोटाला डसलं. तनुजा पाळण्यात होती. अक्का जवळच खुरपत होती आणि तिनं ते डोळ्यांनी पाहिलं. तिचं माहेर अजिंठ्याचं, तिकडच्या डोंगरात तिनं लहानपणापासून ही जात पाहिलेली. ती भर रानात ओरडली, "फुरसं! फुरसं चावलं त्यान्ला, गाडी बघा!"

लोक धावून आले ते आधी हिचं तोंड दाबायला. रामकिसनला पारावर नेलं. आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं लेकाच्या तोंडात पाला घातला. आबांनी विचारलं, कसं लागतंय रं? त्यानं तोंड वेडंवाकडं करून सांगितलं, "कडूजहर!" आणि सगळा पार हसला. दुपारी तो दोन भाकऱ्या जेवला. संध्याकाळी हात सुजला, त्याला हळद लावली. दुसऱ्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं ते थांबेना, लघवी लाल झाली, तरी घरात उष्णता-उष्णता असंच चाललं होतं. अक्का प्रत्येकाच्या पाया पडत होती. शहरात नेलं तोवर फार उशीर झाला होता. शेवटपर्यंत तो शुद्धीवर होता आणि पोरीला आणा म्हणत होता.

त्यानंतर गावानं निकाल दिला की बाईनं नाव घेतलं म्हणून विष चढलं. आत्याबाईंनीही तेच म्हटलं. अंगणात प्रेत ठेवलं होतं तेव्हा त्यांनी अक्काला जवळ येऊ दिलं नाही, "तिला लांब ठिवा, तिनंच खाल्लं माझं लेकरू," म्हणाल्या. दोन बायकांनी अक्काला गोठ्यात धरून ठेवलं. तिला तिथं रडूही दिलं नाही, कारण तिच्या रडण्यानं म्हणे आत्याबाईंना भोवळ येत होती. तेराव्याला भावकी जेवायला बसल्यावर ती पंगतीपुढं उभी राहिली आणि एकच वाक्य बोलली, "फुरशानं नाय नेला माझा माणूस, लिंबाच्या पाल्यानं नेला." तिथून तिचं नाव फुरसं पडलं.

मला या गोष्टीचा राग येतो आणि तो मी गिळणार नाही. मी त्या वेळी या घरात नव्हते, पण आजही पाराजवळून जाताना माझ्या डोक्यात तिडीक उठते. अक्काला मी एकदा विचारलं, तू इथं राहिलीस कशी? माहेरी का गेली नाहीस? ती म्हणाली, "म्या कशाला जाऊ? म्या काय केलं? माझ्या पोरीचं घर हाय हे. ज्यान्ला लाज वाटती त्यान्ला जाऊ दे."

आणि राहिली ती गुमान राहिली नाही. कंपनीतले पुढं बोटांवर लोखंड असलेले काळे बूट घालून ती शेतात जाते. लुगड्यावर, माफ करा, पाचवारी साडीवर बूट. पोरंठोरं हसून हसून थकली, आता हसत नाहीत. दगड उचलायचा तर आधी काठीनं उलटायचा, सरपणात हात घालायचा नाही, अंधारात बॅटरीशिवाय पाऊल नाही. दिवेलागणीला तुळशीपुढं दिवा लावून झाला की अंगणात काठी आपटत मोठ्यानं म्हणायची, "फुरसं असंल तर बाजूला सर रं, पोर खेळायलीय." शेजारपाजारच्या बायका कानांवर हात ठेवायच्या. आत्याबाई आतून म्हणायच्या, "आली का हिची आरती!"

एका नागपंचमीला मी गावी होते. आत्याबाईंनी भिंतीला चुना लावून जागा करून ठेवली होती, अक्कानं गेरूनं नाग काढायचा होता. अक्कानं फणा काढलाच नाही. वेटोळ्यात वेटोळं घातलेलं लहानसं जनावर काढलं, पाठीवर नागमोडी रेघ, डोक्यावर चिमणीच्या पावलासारखी खूण. आत्याबाई पूजेचं ताट घेऊन आल्या आणि भिंतीकडे बघतच राहिल्या.

"हे काय काढलंस?"

"फुरसं."

"आज नागाचा सण हाय."

"नागाला दूध-लाह्या, मग ह्यानं काय घोडं मारलंय?" अक्का म्हणाली. "ह्या घराशी लई जवळचं नातं हाय त्याचं."

आत्याबाईंनी ओला पोतेरा घेऊन भिंत पुसली. अक्कानं दुपारी पुन्हा काढलं. त्यांनी पुन्हा पुसलं. संध्याकाळपर्यंत आमची भिंत नुसती लाल झाली होती आणि पूजा राहिली ती राहिलीच. मी मधे पडले नाही. दोन सुनांनी मिळून सासूला गाठलं असं मला व्हायला नको होतं, आणि खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती.

कुणाला वाटेल, अक्काला सापांचं प्रेम आहे. अजिबात नाही. अभयनं एकदा दिवाळीत मोबाईलवर सगळ्यांना एक व्हिडिओ दाखवला. ब्राझीलच्या जवळ समुद्रात एक बेट आहे, तिथं सोनेरी रंगाचे विषारी साप इतके की माणसांना पाय ठेवायला बंदी. ते साप झाडावर दबा धरून बसतात आणि लांबून उडत आलेले पक्षी धरतात. पक्ष्याला सोडलं तर तो उडून समुद्रावर जाऊन पडेल, म्हणून त्यांचं विष फार झटपट काम करतं. घरातले सगळे आ वासून बघत होते. अक्का फराळाचे डबे भरता भरता म्हणाली, "त्याला घाई हाय, कारण त्याचा घास उडतो. आपल्याकडच्याला कसली घाई? पाली खातं, विंचू खातं, गोम खातं. दगडाखाली निवांत. म्हणून माणसाला बी सावकाश मारतं. येळ देतं बिचारं. तुम्ही तो येळ पारावर पाला चघळण्यात घालता." आत्याबाई उठून आत गेल्या. अभयनं मोबाईल खिशात टाकला आणि मला म्हणाला, हिच्यापुढं काही दाखवायची सोय नाही.

या वर्षी जूनमध्ये एका रविवारी आम्ही सकाळीच गावी गेलो. पाऊस नव्हता, उकाडा होता. घरात गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी आत्याबाईंना चुलीवरचंच लागतं. त्या परसात गोवऱ्या काढायला गेल्या. जरा वेळानं परत आल्या त्या उजवं बोट डाव्या मुठीत धरून. चेहरा शांत. म्हणाल्या, "पान लागलं बाई मला."

अक्का भाकरी तव्यावर तशीच टाकून उठली. पायात बूट घातले, काठी घेतली, मला म्हणाली, "तू बी ये. बघून ठिव." परसात तिनं काठीनं वरच्या दोन गोवऱ्या बाजूला केल्या. मी पहिल्यांदा आवाज ऐकला. फूत्कार नाही, लाकडावर करवत सावकाश ओढावी तसा खर्र खर्र. मग ते दिसलं. हातभरसुद्धा नव्हतं. शेणाच्या आणि मातीच्या रंगाचं, पाठीवर फिकट नागमोडी रेघ. ते पळालं नाही. अंगाची घडीवर घडी घालून त्या घड्या एकमेकींवर घासत होतं, खरखरीत खवल्यांचा तो आवाज होता, आणि मधोमध डोकं आमच्याकडे. एवढ्याशा जिवाची केवढी मिजास! काठी जरा पुढं गेली तर ते हवेत उडाल्यासारखं काठीवर आलं आणि परत घडी करून बसलं.

"सांगतंय ते," अक्का म्हणाली. "हात घालायच्या आधी सांगितलं असंल त्यानं आत्याबाईला. त्यान्ला ऐकू कमी येतं." तिनं त्याच्यावर घमेलं पालथं घातलं आणि वर दगड ठेवला.

आम्ही परत येईपर्यंत घर रिकामं होतं. भावकीतल्या चौघांनी आत्याबाईंना बाजेवर घालून पारावर नेलं होतं. अभय त्यांच्यामागं धावत गेला होता आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं. अभयचं तसं कुणीच ऐकत नाही, तो हळू बोलतो. अक्कानं त्याला हाक मारली, "भावजी, गाडी पाराला लावा. चालूच ठिवा."

पारावर गर्दी झाली होती. आत्याबाई लिंबाखाली बसल्या होत्या, तोंडात पाला. आबांनी विचारलं आणि त्यांनी मान हलवून सांगितलं, "कडू." सगळ्यांचे चेहरे सैल झाले. कुणीतरी नारळ आणायला पळालं. आबा हाताला बांधायला सुतळी उलगडत होते, वर म्हणाले, "सरू सांगती एवढंसं व्हतं. पिल्लू असंल. पिल्लाला कुठलं आलं इष?"

"पिल्लू नाय ते आबा, पुरं वाढलेलं हाय," अक्का पारावर चढत म्हणाली. "आन् ते जन्मतंच इष घेऊन. अंडी बी नाय घालत, जित्ती पिल्लं टाकतं. फुरसं हाय ते."

नाव ऐकून दोन बायका चक्क मागं सरल्या. आबांचा आवाज चढला, "रत्ना, तोंड आवर! कडू लागलंय तिला. दहा जणांनी ऐकलंय."

"माझ्या नवऱ्याला बी कडूच लागलं व्हतं. तव्हा बी दहा जणांनीच ऐकलं." तिनं आबांच्या हातातली सुतळी काढून घेतली आणि पाराखाली टाकली. मग वाकून आत्याबाईंच्या मनगटातली चांदीची कडी काढू लागली, हात सुजायच्या आत ती निघायला हवी होती. "उठा आत्याबाई. हात छातीशी धरा, हलवू नका. गाडी उभी हाय."

आत्याबाई म्हणाल्या, "म्या नाय येणार."

मी त्यांच्या पाठीशी बसले होते, त्यांना धरून. अक्का त्यांच्या पुढ्यात. म्हणून त्या पुढं जे बोलल्या ते आम्हा दोघींनाच ऐकू आलं. त्यांनी तोंडातला हिरवा चोथा हातात काढला, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तिथं नेलं आन् म्या वाचले, तर?"

"तर काय?"

"तर माझा राम्या बी वाचला असता. मग त्याला म्या मारलं असं व्हईल. म्या घातला व्हता पाला, ह्या हातानं. नगं मला. मला हितंच राहू दे रत्ना, मी मरते, पण मला ते नगं."

म्हणजे बाईंना इतकी वर्षं माहीत होतं! सुनेवर आळ घेतला, भिंत पुसली, तिच्या ‘आरती’ला नावं ठेवली, ते सगळं याच्यासाठी. मला वाटलं, आता अक्का म्हणेल, तसं नाही आत्याबाई, तुमचा काय दोष. आपण कुणीही तेच म्हटलं असतं. मरत्या माणसाशी खोटं बोलायला कुणाला जड जातं?

अक्का खोटं बोलली नाही.

"व्हय," ती म्हणाली. "तसंच व्हईल. तुम्ही वाचाल आन् ते तुम्हाला कळंल, रोज कळंल. वाचा आन् भोगा. म्या एकटी भोगायले इतकी वर्सं. मला कटाळा आलाय आता एकटीनं भोगायचा. चला."

आणि तिनं त्यांना उचललं. आत्याबाई अंगानं अक्काच्या दुप्पट. ती कशी पायऱ्या उतरली मला सांगता यायचं नाही. मधे उभं राहायला आबा पुढं झाले होते, पण तिनं त्यांच्याकडे असं बघितलं की ते बाजूला झाले. गाडीचं दार मी उघडलं.

पैठण रोडवर अभयनं आयुष्यात पहिल्यांदा हॉर्नवरचा हात काढला नाही. मागच्या सीटवर आत्याबाईंचं डोकं अक्काच्या मांडीवर होतं आणि अक्का त्यांना सगळ्या रस्ताभर शिव्या घालत होती. गोवऱ्यांवरून, चुलीवरून, पुसलेल्या भिंतीवरून, कधी काळी लपवून ठेवलेल्या तुपाच्या बरणीवरून. एका हातानं तिनं त्यांचा सुजत चाललेला हात छातीशी धरून ठेवला होता, दुसऱ्या हातानं कपाळ थोपटत होती. आत्याबाई एका शब्दानं उलटून बोलल्या नाहीत, त्यावरूनच मला भीती वाटली.

घाटीत, शहरातल्या सरकारी दवाखान्यात, एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी काय चावलं विचारलं, अक्कानं नाव सांगितलं. त्यांनी आत्याबाईंचं थोडं रक्त काचेच्या कोऱ्या नळीत घेतलं, नळी टेबलावर उभी केली आणि बजावलं की हिला कुणी हात लावायचा नाही, वीस मिनिटं थांबायचं. गोठलं तर ठीक. अक्का त्या नळीसमोर उभी राहिली. तिच्या नवऱ्याचं रक्त असं वेळेवर कुणी काचेत धरून बघितलं नव्हतं. मी तिला स्टूल दिलं, ती बसली नाही.

वेळ झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी नळी हळूच तिरकी केली. रक्त पाण्यासारखं काचेवरून ओघळलं. त्या म्हणाल्या, विष चांगलंच भिनलंय, औषध चालू करतो, वेळेत आणलंत. मग सलाईन, बाटल्या, धावपळ. मधेच आत्याबाईंना हुडहुडी भरली, त्यावर दुसरं इंजेक्शन. अक्कानं तेवढ्यातही विचारलं, "बाई, कडू लागतंय का गोड, हे नाय विचारलं तुम्ही?"

"त्यानं काय कळणार?" त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या.

आत्याबाई हे ऐकत होत्या. रात्री त्यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. उशीवर डाग पडला. त्यांनी बोटानं ओठ पुसून बघितला आणि ते बोट डोळ्यांपुढं धरून बराच वेळ बघत राहिल्या. मग औषधानं रक्त थांबलं. नळी पुन्हा तिरकी केली तेव्हा आत काळसर गोळा बसला होता, हललासुद्धा नाही. अक्कानं डोळे मिटले आणि पहिल्यांदा स्टुलावर बसली.

आत्याबाई घरी आल्या त्या चावलेलं बोट कायमचं आखडून. जिवावरचं बोटावर गेलं. पण तोंडातून अवाक्षर नाही. महिना उलटला, सुनेला एक शब्द नाही, चांगला नाही आणि वाईटही नाही. मी दर रविवारी जायची आणि चिडून परत यायची. अभयला म्हणायची, तुझ्या आईला जीवदान दिलंय तिनं, निदान तोंडभर बोलावं तरी! अक्का मात्र म्हणायची, "राहू दे गं. भोगायला येळ लागतो."

नागपंचमी आली. बायका दुपारी फेर धरायला पाराजवळ जमल्या. आत्याबाईंना खुर्ची दिली. आबा पारावर बसलेले. बायका हौसेनं म्हणत होत्या, "सरूबाई, पान लागलं व्हतं तरी उठलात, मारुतीची किरपाच!" आबांनी दुजोरा दिला, "पाला कडू लागला व्हता ना. म्या तव्हाच वळखलं, इष कमी हाय." कुणाला दुखवायला नव्हे, ते सहज बोलले.

आत्याबाई खुर्चीतून उठल्या. फेर थांबला.

"पान नाय लागलं," त्या म्हणाल्या. आवाज चिरका होता, पण पाराच्या त्या टोकापर्यंत गेला. "फुरसं चावलं मला. फुरसं!"

"सरू, सणाच्या दिवशी..." आबा म्हणाले.

"फुरसं म्हणलं म्या! येऊ द्या किती येत्यात ते." त्यांनी ते आखडलेलं बोट वर धरलं. "माझं रगत काचंत धरलं व्हतं, गोठत नव्हतं. आन् लिंब मला कडूच लागत व्हता, भाऊजी. राम्याला बी कडूच लागला व्हता. ह्या हातानं भरवला म्या त्याला पाला. माझ्या हातानं मारलं म्या माझं लेकरू, आन् नाव घातलं ह्या पोरीवर. आता हितून पुढं कुणाला चावलं आन् कुणी पाराकडं नेलं, तर म्या आडवी पडंन. माझ्या अंगावरून न्यावं लागंल."

आबांच्या हातात लिंबाची काडी होती, दात कोरायची. ती त्यांनी हळूच खाली ठेवली.

मी अक्काकडे बघितलं. ती गर्दीच्या मागं उभी होती, पायात ते काळे बूट. मला वाटलं, आता ही चार खडे बोल सुनावेल, तिचा हक्कच होता. ती वळली आणि तरातरा घराकडे निघून गेली. मी मागं पळाले. परसात पोचेपर्यंत मला आवाज यायला लागला होता. ती काठीनं गोवऱ्या एकेक करून उलटत होती आणि मोठ्यानं, गळा काढून रडत होती, रामकिसनचं नाव घेऊन. घरातून प्रेत आजच निघालंय असं तिचं रडणं होतं.

मी पुढं होणार तेवढ्यात मागून माझं मनगट धरलं गेलं. आत्याबाई धापा टाकत उभ्या होत्या.

"जाऊ नगं," त्या म्हणाल्या. "रडू दे तिला. तव्हा म्या रडू दिलं नव्हतं."